रंगूनची वाट : ब्रह्मदेशातल्या भारतीयांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रह्मदेशात गेलेल्या आणि तिथून परतलेल्या भारतीयांचा विषय निघाला की काही प्रश्न हमखास येतात. कुणाच्या घरात रंगूनहून आलेली सागवानी पेटी असते, कुणी रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहून आलेलं असतं, कुणाला बातम्यांमधलं मोरे गाव ठाऊक असतं. अशा वाचकांसाठी ही उत्तरं एकत्र केली आहेत. देशाचं अधिकृत नाव १९८९ पासून म्यानमार असलं, तरी ज्या काळाबद्दल बोलायचं आहे त्या काळातलं नाव इथे वापरलं आहे.

स्थलांतर म्हटलं की मॉरिशस, फिजी, त्रिनिदाद आठवतात. ब्रह्मदेश का आठवत नाही?

आकडे पाहिले तर खरं म्हणजे तोच आधी आठवायला हवा. मॉरिशसला गिरमिटाच्या, म्हणजे करारबद्ध मजुरीच्या, सगळ्या काळात मिळून साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. रंगून बंदरात १९२० च्या दशकाच्या अखेरीस एकेका वर्षात तीन लाखांहून अधिक भारतीय उतरत होते. १८४० ते १९४० या शंभर वर्षांत बंगालचा उपसागर ओलांडून झालेल्या जाण्यायेण्याच्या फेऱ्या अभ्यासकांच्या अंदाजाने अडीच कोटींच्या वर भरतात, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा ब्रह्मदेशाचा होता.

तरी विसर पडला, त्याला कारणं आहेत. गेलेल्यांपैकी बहुतेक दोन-तीन वर्षांत परत येत, पुन्हा जात. जे तिथेच राहिले त्यांना एकदा १९४२ मध्ये आणि पुन्हा १९६४ नंतर निघावं लागलं. ब्रह्मदेशाच्या राष्ट्रीय इतिहासात ते परकी सत्तेबरोबर आलेले उपरे ठरले, आणि आपल्या पाठ्यपुस्तकात १९३७ नंतर ब्रह्मदेश नकाशाबाहेर गेला तशी ही माणसंही गेली. दोन्हीकडच्या इतिहासात जागा नसलेल्या माणसांबद्दल लिहायला कुणीतरी बसावं लागतं. म्हणून हा विषय महत्त्वाचा वाटतो.

तेव्हा रंगूनला जाणं म्हणजे परदेशी जाणं होतं का?

कायद्याने नाही. इंग्रजांनी १८२४ ते १८२६, १८५२ आणि १८८५ अशा तीन युद्धांत ब्रह्मदेश घेतला आणि १ जानेवारी १८८६ ला उरलेला उत्तर भागही खालसा केल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून ३१ मार्च १९३७ पर्यंत अख्खा ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचा एक प्रांत होता. तोच रुपया, तेच टपाल, वरचं सरकारही तेच. काकिनाड्याचा शेतमजूर मुंबईला गेला काय किंवा रंगूनला गेला काय, सरकारच्या लेखी दोन्ही सारखंच. पासपोर्ट नाही, परवाना नाही.

१ एप्रिल १९३७ ला ब्रह्मदेश वेगळा झाला. तीस वर्षांपूर्वी एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेलेला माणूस त्या दिवशी जागचा न हलता दुसऱ्या देशातला रहिवासी झाला. या विषयातली पुढची जवळजवळ प्रत्येक गाठ इथे पडलेली आहे. आधी माणसं गेली, सीमा मागून आली, आणि मग ‘तुम्ही इथे कसे?’ हा प्रश्न त्या माणसांना विचारला गेला.

कोण गेलं आणि कुठून?

‘भारतीय’ या एका शब्दात फार वेगवेगळी माणसं कोंबली जातात. आजच्या आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरून, म्हणजे विशाखापट्टणम, गोदावरी आणि गंजाम या पट्ट्यातून, तेलुगू आणि ओडिया मजूर गेले. संख्येने त्यांचाच भरणा मोठा. भाताच्या गिरण्या, गोदीतली हमाली, रिक्षा ओढणं, शहराची साफसफाई ही सगळी कामं त्यांच्या अंगावर होती. चितगावचे मुसलमान आराकानात, म्हणजे ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनारपट्टीत, भातकापणीला येत, आणि इरावतीतल्या आगबोटींवर खलाशी म्हणूनही तेच असत. तमिळ मुलखातून चेट्टियार सावकार आले, तसे शेतमजूर आणि छोटे दुकानदारही आले. सुरत आणि रांदेरच्या व्यापाऱ्यांनी रंगूनमध्ये बाजार उभा केला, मशीद बांधली. बंगाली कारकून, वकील, डॉक्टर होते; पंजाबी शीख आणि मुसलमान पोलिसात आणि फौजेत होते; गुरखे होते.

या ओघामागे भात होता. १८५२ नंतर इरावतीचा त्रिभुज प्रदेश इंग्रजांच्या हाती आला. तिथली दलदल आणि रान तोडून शेतं काढण्याचं मूळ काम ब्रह्मी शेतकऱ्यांनी केलं, हे विसरू नये. भारतीय मजुरांनी ब्रह्मदेशची शेती उभी केली हा आपल्याकडचा समज अर्धाच खरा आहे. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि तांदळाच्या व्यापाराला वेग आला. कापणीला, गिरणीला, बंदराला हात हवे होते. उपसागराच्या अलीकडे दुष्काळ, सारा आणि कर्ज यांनी गांजलेली गावं होती. मधे बोट होती.

मेस्त्री पद्धत म्हणजे काय? ती गिरमिटापेक्षा वेगळी कशी?

गिरमिटात सरकारी नमुन्यावर करार होई, पाच वर्षांची मुदत असे, मॅजिस्ट्रेटसमोर अंगठा उठे. ब्रह्मदेशासाठी मुख्यतः मेस्त्री चाले. मेस्त्री म्हणजे मुकादम. तो बहुधा त्याच गावचा किंवा शेजारच्या गावचा, स्वतः आधी मजुरी करून वर आलेला. तो घरी येऊन उचल देई. त्यात बोटीचं भाडं, घरच्यांना मागे ठेवायला थोडे पैसे आणि कधी जुनं देणं फेडायची रक्कम असे.

रंगूनला उतरल्यावर मजुराची गाठ गिरणीमालकाशी पडतच नसे. मालक पैसे वरच्या कंत्राटदाराला देई, तो खालच्या मेस्त्रीला, आणि मेस्त्री आपली उचल, आपला हिस्सा, राहायच्या जागेचं भाडं, जेवणाचा खर्च वळता करून उरलेलं मजुराच्या हातावर ठेवी. हिशेबाची वही मेस्त्रीकडे. मजुराला वाचता येत नाही. हंगाम चांगला गेला तर दोन-तीन वर्षांत उचल फिटून चार पैसे गाठीला लागत. आजारपण आलं किंवा गिरणी बंद पडली की वहीतला आकडा वाढत जाई. राहायच्या खोल्या इतक्या भरलेल्या असत की माणसं पाळीपाळीने झोपत. १९२९ मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगाने रंगूनच्या मजुरांचीही चौकशी केली आणि १९३१ च्या अहवालात या वस्त्यांची दखल घेतली.

मेस्त्रीला निव्वळ खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते पुरेसं नाही. परमुलखात भाषा न येणाऱ्या माणसाला काम, छप्पर आणि गावची खबर देणारा तोच एक दुवा होता. मजूर त्याच्यावर चिडत आणि पुढच्या खेपेला त्याच्याकडेच उचल मागत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि इतिहास लिहिताना दोन्ही लिहायला हव्यात.

संशोधकाच्या दृष्टीने आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. मॉरिशसला गेलेल्यांची नावं, गावं, जाती आणि पुढेपुढे छायाचित्रंही सरकारी नोंदवह्यांत सापडतात. रंगूनला जाणं देशांतर्गत मानलं गेल्यामुळे १९२२ चा हिंदी स्थलांतर कायदाही तिथे लागू नव्हता. बंदरावर माणसं मोजली गेली, नावानिशी नोंदवली गेली नाहीत.

चेट्टियारांनी ब्रह्मी शेतकऱ्यांच्या जमिनी लुबाडल्या, हे खरं आहे का?

जमिनी त्यांच्याकडे गेल्या, हे नक्की. खालच्या ब्रह्मदेशातल्या तेरा मुख्य भातपिकाऊ जिल्ह्यांत १९३० मध्ये चेट्टियारांकडे सुमारे ६ टक्के जमीन होती. १९३७ च्या सुमाराला ती २५ टक्क्यांवर गेली. सात-आठ वर्षांत एवढा फेर कसा झाला? जागतिक मंदीत भाताचे भाव कोसळले, शेतकऱ्याला व्याज भरता येईना आणि तारण ठेवलेली जमीन सावकाराकडे गेली.

चेट्टियारांचा धंदा जमिनीचा नव्हता, पैशाचा होता. त्यांना रोकड परत हवी होती, चिखलातली शेतं नको होती, आणि ती शेतं विकत घ्यायला त्या काळात गिऱ्हाईकही नव्हतं. शिवाय इंग्रजी बँका लहान शेतकऱ्याला दारात उभं करत नव्हत्या. त्याला कर्ज मिळालं ते चेट्टियाराच्या पेढीतूनच, आणि स्थानिक सावकारापेक्षा बऱ्याचदा कमी व्याजाने. हे सगळं खरं असलं तरी ज्याच्या आजोबांनी रान तोडून शेत काढलं आणि ज्याला आता त्याच शेतात कूळ म्हणून राबावं लागत होतं, त्याचा संताप खोटा ठरत नाही. त्या संतापाला समोर दिसणारा चेहरा चेट्टियाराचा होता. लंडनहून तांदळाचा भाव ठरवणारे त्याला दिसत नव्हते.

रंगून खरंच भारतीय शहर होतं का?

१९३१ च्या खानेसुमारीत रंगूनची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास होती आणि त्यांतले निम्म्याहून अधिक, सुमारे ५३ टक्के, भारतीय होते. साऱ्या ब्रह्मदेशात मिळून दहा लाख सतरा हजारांवर, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे ७ टक्के. त्या दहा लाखांतही जवळजवळ दहांपैकी चार जण ब्रह्मदेशातच जन्मलेले. या शेवटच्या आकड्याकडे जरा थांबून पाहा. ‘बाहेरून आलेले’ म्हणून ज्यांना हिशेबात धरलं जातं, त्यांतल्या एवढ्या मोठ्या भागाचा जन्मच तिथला होता.

शहराला भारतीय म्हणताना हेही ध्यानात ठेवावं की ब्रह्मी माणसाला आपल्याच राजधानीत दवाखान्यात, टपालकचेरीत, गोदीत हिंदुस्थानी बोलावी लागे. त्याच्या मनात काय साठत गेलं असेल, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

या सगळ्यात बायका कुठे आहेत?

मजुरांमध्ये फार थोड्या होत्या; बोटी पुरुषांनी भरून जात. बायका गावी राहून शेत, घर आणि सावकार सांभाळत. त्यांची बाजू कागदात जवळजवळ नाही. तिथे स्थायिक झालेल्या भारतीय पुरुषांनी ब्रह्मी बायकांशी संसार केले. मुसलमान बाप आणि ब्रह्मी आई यांच्या मुलांना ‘झेरबादी’ म्हणत आणि खानेसुमारीत त्यांचा वेगळा रकाना होता. ब्रह्मी बौद्ध स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवायचा, घटस्फोट घ्यायचा हक्क परंपरेने होता. हिंदू किंवा मुसलमान पुरुषाशी लग्न केल्यावर तो हक्क जातो, ही तक्रार १९३० च्या दशकात वर्तमानपत्रांतून पेटली आणि १९३९ मध्ये बौद्ध स्त्रियांच्या विवाहासाठी खास कायदा झाला. स्त्रियांच्या खऱ्या प्रश्नावर राष्ट्रवाद्यांनी आपलं राजकारण चालवलं, असं माझं मत आहे. त्या बायकांना काय हवं होतं, हे विचारणारे कमीच होते.

१९३० आणि १९३८ च्या दंगली कशामुळे झाल्या?

मे १९३० मध्ये रंगूनच्या गोदीत तेलुगू हमालांनी पगारवाढीसाठी संप केला. कंपन्यांनी त्यांच्या जागी ब्रह्मी मजूर घेतले. मग संप मिटला, जुने हमाल परत आले आणि ब्रह्मी मजुरांना घरी पाठवण्यात आलं. २६ मेला गोदीत सुरू झालेली मारामारी शहरभर पसरली. शंभराहून अधिक माणसं मेली, त्यांत भारतीयच जास्त. एका कामासाठी दोन गरिबांना समोरासमोर उभं केलं गेलं होतं.

१९३८ ची दंगल एका पुस्तकातल्या बौद्ध धर्मावरच्या टीकेवरून भडकली आणि रोख मुसलमानांवर होता. पण वर सांगितलेली जमीन, मंदी, लग्नं ही सगळी जळाऊ लाकडं आधीच रचलेली होती. यानंतर सरकारने जेम्स बॅक्स्टर यांच्याकडे स्थलांतराची चौकशी सोपवली. भारतीय मजुरांमुळे ब्रह्मी लोकांची कामं मोठ्या प्रमाणावर गेली, या आरोपाला त्यांच्या अहवालाने फारसा दुजोरा दिला नाही. तरी १९४१ मध्ये दोन्ही सरकारांत स्थलांतरावर निर्बंध घालणारा करार झाला. हिंदुस्थानात त्यावर मोठी टीका झाली, आणि तेवढ्यात युद्ध आलं.

१९४२ मध्ये नेमकं काय घडलं?

२३ डिसेंबर १९४१ ला जपानी विमानांनी रंगूनवर बॉम्ब टाकले. दोन दिवसांनी, नाताळात, पुन्हा टाकले. लोक आकाशातली विमानं बघायला रस्त्यावर आले होते, म्हणून पहिल्या दिवशी माणसं फार मेली. गोदीतले हमाल, सफाई कामगार, गिरणीमजूर शहर सोडून प्रोमच्या रस्त्याने चालू लागले. बंदर बंद पडेल म्हणून सरकारने त्यांना समजावून, धाक घालून परत फिरवायचा प्रयत्न केला. बोटींवर डेकवरून जाणाऱ्या पुरुषांवर निर्बंध आले. ज्यांच्याकडे पैसे आणि ओळख होती ते बोटीने निघाले. समुद्रमार्गे सुमारे सत्तर हजार माणसं सुटली. ८ मार्च १९४२ ला रंगून पडलं आणि ती वाट मिटली.

मग उरल्या पायवाटा. पहिली प्रोमहून टांगुप खिंडीतून आराकानच्या किनाऱ्यावर, तिथून अक्याब आणि चितगाव. पाण्याचा दुष्काळ आणि पटकी यांनी ही वाट आधीच भरली होती. दुसरी मंडालेकडून चिंदविन नदी ओलांडून तामू, तिथून मणिपूरच्या डोंगरातून पालेल, इंफाळ आणि दिमापूर. तिसरी अगदी उत्तरेची, हुकाँग खोऱ्यातून पांगसाऊ खिंड चढून आसामातल्या लेडोला. ३ एप्रिलला मंडालेवर बॉम्ब पडले, मेमध्ये मित्किनाचा विमानतळ गेला, आणि त्याच सुमारास पाऊस सुरू झाला. हुकाँगच्या वाटेवर मे-जूनमध्ये अडकलेल्यांचे हाल सर्वांत वाईट झाले. चिखल मांडीपर्यंत, नद्या फुगलेल्या, अंगाला जळवा, पोटात काही नाही. आसामच्या चहामळेवाल्यांच्या संघटनेने हत्ती, हमाल आणि छावण्या लावल्या म्हणून अनेक जण वाचले. नागा आणि काचिन गावकऱ्यांनी दिलेल्या मदतीचा उल्लेख मात्र फार थोडक्यात येतो. त्यांनी अनेकांना नदी पार करून दिली, भात दिला. त्यांची नावं कुठे नाहीत.

मणिपूरच्या बाजूला गोऱ्यांसाठी एक वाट आणि काळ्यांसाठी दुसरी, असा भेदभाव होत असल्याची तक्रार तेव्हाच झाली आणि हिंदुस्थानात तिचा मोठा गाजावाजा झाला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ हिंदी लोकांचं खातं त्या वेळी यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे सांभाळत होते. ‘ब्रह्मदेशातून परतणारे आपले लोक’ हा विषय थेट त्यांच्या टेबलावर आला होता. मराठीत अणे यांच्याविषयी लिहिलं जातं, तेव्हा हा भाग बहुधा एका ओळीत उरकला जातो. तो विस्ताराने लिहिला जायला हवा.

किती माणसं निघाली आणि किती मेली?

चार ते पाच लाख निघाले असावेत. मृतांचे अंदाज दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत आणि काही ठिकाणी त्याहून वर जातात. मोजणारं कुणी नव्हतं. लेखात एकच ठाम आकडा दिसला तर तो सावधपणे घ्या.

जे मागे राहिले किंवा युद्धानंतर परत गेले, त्यांचं काय झालं?

अनेक जण आझाद हिंद फौजेत गेले, पैसा दिला. जानेवारी १९४४ मध्ये नेताजींनी आपल्या हंगामी सरकारचं ठाणं रंगूनला हलवलं होतं. ४ जानेवारी १९४८ ला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. त्याच वर्षी जमिनीच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा आला आणि चेट्टियारांचा अध्याय संपला.

२ मार्च १९६२ ला जनरल ने विन यांनी सत्ता घेतली. पुढच्या दोन वर्षांत बँका, घाऊक व्यापार, शेवटी किरकोळ दुकानंही सरकारजमा झाली. मे १९६४ मध्ये पन्नास आणि शंभर क्याटच्या नोटा रद्द झाल्या. गल्लीत चहाची टपरी चालवणाऱ्याचंही दुकान आणि गल्ल्यातली रोकड अशी दोन्ही गेली. पुढच्या काही वर्षांत सुमारे तीन लाख भारतीय निघाले. बरोबर अगदी थोडी रोकड नेता येई, दागिन्यांवर कडक बंधनं होती. बोटी मद्रासला आणि विशाखापट्टणमला लागल्या. यांतल्या कित्येकांनी भारत पहिल्यांदाच पाहिला.

परतलेले लोक आज कुठे आहेत?

तमिळनाडूत अनेक गावांत ‘बर्मा कॉलनी’ आहे. चेन्नईच्या बंदराजवळचा बर्मा बझार याच लोकांनी उभा केला आणि तिथे गाड्यांवर मिळणारं ‘अत्तो’ हे नूडल्सचं खाणं त्यांनीच आणलं.

सर्वांत विलक्षण गाव मात्र मणिपूरमधलं मोरे. तमिळनाडूतल्या छावण्यांत मन रमेना म्हणून काही तमिळ कुटुंबं खुष्कीच्या मार्गाने पुन्हा ब्रह्मदेशाकडे निघाली. सीमेवर त्यांना अडवलं गेलं. पुढे जाता येईना, मागे जायची इच्छा नाही, म्हणून ती तिथेच राहिली. पलीकडे दिसतं ते तामू, म्हणजे १९४२ च्या वाटेवरचंच ठाणं. मोरेत कुकी, नेपाळी, पंजाबी आणि, २०२३ पर्यंत, मैतेई यांच्या शेजारी तमिळ घरं आहेत, अंगाळपरमेश्वरीचं मंदिर आहे, तमिळ संगम आहे. घरातल्या म्हाताऱ्या तमिळमध्ये ब्रह्मी मिसळून बोलतात. मे २०२३ पासूनच्या हिंसाचाराची झळ या गावालाही बसली.

रोहिंग्यांचा प्रश्न याच इतिहासातला आहे का?

काही अंशी. आराकान आणि चितगाव यांच्यामध्ये शेकडो वर्षं माणसांची ये-जा होती. आराकानची जुनी राजधानी म्राउक-ऊ, तिथल्या राजांच्या दरबारात बंगाली मुसलमान होते. इंग्रजी अमलात चितगावहून येणाऱ्यांची संख्या पुष्कळ वाढली, हेही खरं. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने मूळ जमाती ठरवताना १८२३ ही रेघ मानली, म्हणजे पहिल्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाच्या आदल्या वर्षाची. दीडशे वर्षांपूर्वी आपले पूर्वज कुठे होते याचा पुरावा कोणत्या शेतकऱ्याकडे असतो? २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक माणसं बांगलादेशात पळाली. चेट्टियार किंवा सुरती व्यापाऱ्यांच्या इतिहासाशी रोहिंग्यांची सरमिसळ करू नये. त्यांची मुळं वेगळी आहेत. कायद्याची रेघ मात्र सगळ्यांच्या पायाखालून गेली.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी खरा संबंध किती?

मजुरांच्या लाटेत मराठी माणूस थोडाच होता. संबंध वेगळ्या दिशांनी आहे.

तिसऱ्या युद्धाचं निमित्तच मुंबईतून आलं. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनवर सागाचे ओंडके हिशेबापेक्षा जास्त नेल्याचा ठपका ठेवून राजा थिबाच्या दरबाराने जबर दंड केला. इंग्रजांनी त्याचं कारण करून नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले घेतलं. थिबा, राणी सुपयालत आणि मुली आधी मद्रासला आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणल्या गेल्या. भाट्याच्या खाडीवरच्या टेकडीवरचा राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये. तोवर ते कुटुंब भाड्याच्या बंगल्यांत राहत होतं. डिसेंबर १९१६ मध्ये थिबा तिथेच वारला, त्याची समाधीही रत्नागिरीत आहे. १९१९ मध्ये राणी रंगूनला परतली. थोरल्या राजकन्येची मुलगी पुढे रत्नागिरीतच संसाराला लागली, मराठीत बोलली, कष्ट करून जगली. राजवाडा पाहायला जाणाऱ्यांनी तिचीही आठवण ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

उलट दिशेने लोकमान्य टिळक गेले. १९०८ ते १९१४ ते मंडालेच्या तुरुंगात होते आणि ‘गीतारहस्य’ तिथे पेन्सिलीने लिहिलं गेलं. इंग्रजांनी बहादूरशहा जफरला रंगूनला धाडलं, थिबाला कोकणात, टिळकांना मंडालेला. माणसाला त्याच्या लोकांपासून तोडायचं तर समुद्रापलीकडे ठेवा, हा त्यांचा ठरलेला उपाय होता.

आमचे पणजोबा रंगूनला होते असं घरात सांगतात. शोध कुठून सुरू करू?

घरातूनच. टपालाचे शिक्के असलेली पाकिटं, बँकेचं पासबुक, मनीऑर्डरची पावती, फोटोच्या मागचा स्टुडिओचा छाप, शाळेचा दाखला, युद्धानंतरच्या मदतीसाठी केलेला अर्ज. एखाद्या पाकिटावरचा रस्ताही पुष्कळ सांगतो, कारण रंगूनमध्ये कोणत्या रस्त्यावर कोणता समाज राहत होता हे बऱ्याच अंशी माहीत आहे.

मग दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार. तिथल्या अनेक फायली ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या वाचता येतात; १९४२ साठी परदेशस्थ हिंदी खात्याच्या फायली पाहा. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात मुंबई सरकारचे कागद आहेत. थिबाच्या नजरकैदेचा शोध तिथूनच सुरू करावा. चेन्नईत तमिळनाडू अभिलेखागार, लंडनला ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागद. १९३१ च्या खानेसुमारीचे तक्ते मिळतात. १९४१ ची मोजणी झाली होती, पण तिचे कागद युद्धात नष्ट झाले, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नका.

घरातल्या वृद्धांची मुलाखत घेताना काय विचारावं?

‘तुम्हाला काय आठवतं?’ असं विचारलं की बहुधा ‘लहान होतो, काही आठवत नाही’ हेच उत्तर येतं. वस्तू आणि कृती विचारा. निघताना घराला कुलूप कुणी लावलं? किल्ली कुणाकडे दिली? वाटेत काय शिजवलं, भांडं कुठलं होतं? कोण मागे राहिलं? शेजारी ब्रह्मी होते का, त्यांनी काय केलं? बोटीत झोपायला जागा कशी मिळाली? ब्रह्मी भाषेतला एखादा पाळणा, शिवी, भाजीवाल्याची हाळी अजून येते का?

मृत्यूचा विषय आपण काढू नये. वाटेवर मूल किंवा आई सोडून यावी लागलेली माणसं या पिढीत आहेत, आणि त्यांनी ते सत्तर-ऐंशी वर्षं कुणाला सांगितलेलं नसतं. त्यांनी काढला तर थांबून ऐकावं, रेकॉर्डिंग चालू ठेवायचं का हे पुन्हा एकदा विचारावं, आणि घरच्यांना नको असेल तर ते नाव छापू नये.

मुलाखत झाली की त्याच आठवड्यात उतरवून काढा, तारीख आणि ठिकाण लिहा, बोलणाऱ्याची भाषा ‘शुद्ध’ करू नका, आणि एक प्रत त्या घरी नेऊन द्या.